महामारीत कोणत्या देशाचं धोरण बरं ठरलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडवर वाद सुरू झाला की दोन-तीन देशांची नावं हमखास पुढे येतात. कोणी स्वीडनचं उदाहरण देतो, कोणी न्यूझीलंडचं, कोणी चीनचं, आणि प्रत्येकाला आपला मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटतो. अशा चर्चांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न दिसतात तेवढे सरळ नाहीत.

सरळ सांगा, सगळ्यात चांगली कामगिरी कोणाची?

कोणत्या तारखेला विचारताय, त्यावर ते अवलंबून आहे. हे उत्तर टाळणं नव्हे.

जून २०२०मध्ये विचारलं असतं तर न्यूझीलंड, तैवान आणि व्हिएतनाम ही नावं कोणीही घेतली असती. त्या वर्षअखेरीस स्वीडन टीकेचा धनी होता, कारण लोकसंख्येच्या प्रमाणात तिथले मृत्यू शेजारच्या नॉर्वेच्या सुमारे दहापट होते. पण २०२० ते २०२२ या तीन वर्षांचा हिशोब एकत्र मांडला, तर स्वीडनचे अतिरिक्त मृत्यू युरोपात सर्वांत कमी असलेल्या देशांच्या रांगेत जाऊन बसतात. हाँगकाँगचं उलटं झालं. दोन वर्षं त्याचं कौतुक चाललं होतं, आणि २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथला मृत्युदर जगातल्या सर्वांत वाईट दरांपैकी एक होता. व्हिएतनामने २०२०चं वर्ष जवळपास कोरडं काढलं, पण लशी हातात नसताना २०२१च्या मध्यावर डेल्टा आला आणि हो ची मिन्ह शहरात हाहाकार उडाला.

त्यामुळे एखाद्या लेखात ‘अमुक देश यशस्वी’ असं वाचलंत, तर आधी तो लेख कोणत्या महिन्यात लिहिलाय ते बघा.

मृतांच्या अधिकृत आकड्यांवरून तुलना का करू नये?

कारण प्रत्येक देशाने मोजणी आपापल्या पद्धतीने केली. बेल्जियमने वृद्धाश्रमांतले तपासणी न झालेले संशयित मृत्यूही कोविडच्या खात्यात धरले, म्हणून २०२०च्या वसंतात तो देश यादीत फार वर दिसायचा. इंग्लंडने ऑगस्ट २०२०मध्ये व्याख्या बदलली आणि तपासणीनंतर २८ दिवसांच्या आत झालेले मृत्यूच मोजायचं ठरवलं. एका फटक्यात पाच हजारांहून अधिक मृत्यू यादीतून कमी झाले. पेरूमध्ये याच्या उलट घडलं. ३१ मे २०२१ रोजी तिथल्या सरकारने फेरमोजणी जाहीर केली आणि आकडा ६९,३४२वरून थेट १,८०,७६४वर गेला. असा उघड कबुलीजबाब देणारी सरकारं थोडीच.

म्हणून अभ्यासक ‘अतिरिक्त मृत्यू’ बघतात. एरवीच्या वर्षी जेवढे मृत्यू अपेक्षित असतात, त्यापेक्षा किती जास्त झाले, हा तो फरक. कारण कोणतंही लिहा, माणूस गेला हे तर लपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले. देशांनी कळवलेले कोविड-मृत्यू त्याच काळात सुमारे ५४ लाख होते.

पण हाही मापदंड निर्दोष नाही. मृत्यूनोंदणीच अपुरी असेल तर अंदाज गणिती प्रतिमानावर टेकतो, आणि मग वाद सुरू होतो. भारतासाठी संघटनेचा अंदाज सुमारे ४७ लाख होता, तर अधिकृत आकडा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास. भारत सरकारने ही पद्धतच अमान्य केली. माझ्या मते या वादातून एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी घ्यायला हवी. मृत्यूची नोंद वेळेवर आणि कारणासह होणं हे कारकुनी काम वाटतं, पण महामारीत तेच आरोग्यधोरणाचे डोळे असतात.

महामारीच्या तयारीत जे देश अव्वल मानले जायचे, तेच का कोसळले?

ऑक्टोबर २०१९मध्ये, म्हणजे वुहानच्या बातम्या यायच्या दोन-तीन महिने आधी, जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांक प्रसिद्ध झाला. १९५ देशांच्या त्या यादीत अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा. न्यूझीलंड पस्तिसावा आणि व्हिएतनाम पन्नासावा. पुढे काय झालं ते आपण पाहिलंच.

निर्देशांकाने क्षमता मोजली होती. ती क्षमता कोण वापरणार, किती लवकर आणि कोणाच्या हुकमावरून, हे त्याच्या आवाक्याबाहेर होतं. अमेरिकेत रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी २०२०मध्ये राज्यांना पाठवलेल्या तपासणी संचांतला एक घटक सदोष निघाला, आणि इतर प्रयोगशाळांना स्वतःच्या चाचण्या वापरण्याची वाट मोकळी व्हायला २९ फेब्रुवारी उजाडली. जवळपास महिनाभर देश आंधळेपणाने चालला होता. ब्रिटनकडे आराखडा होता, पण तो इन्फ्लुएंझाचा. तिथल्या सार्वजनिक चौकशीच्या पहिल्या अहवालाने जुलै २०२४मध्ये स्पष्ट म्हटलं की देशाने चुकीच्या महामारीची तयारी केली होती. फ्लू पसरणारच असं गृहीत धरलेल्या आराखड्यात साथ रोखण्याला जागाच नसते. १२ मार्च २०२० रोजी ब्रिटनने समाजातला संपर्कशोध, म्हणजे बाधितांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचं काम, थांबवला, तो याच विचारातून.

तैवान आणि दक्षिण कोरियाने नेमकं वेगळं काय केलं?

दोघांनाही आधी जोराचा चटका बसला होता आणि त्यानंतर त्यांनी कायदे बदलले होते.

दक्षिण कोरियात २०१५मध्ये मर्स या श्वसनरोगाची साथ आली. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. संसर्ग मुख्यतः रुग्णालयांतूनच पसरला, कारण कोणत्या रुग्णालयात रुग्ण आहे हे सरकारने सुरुवातीला लपवलं. लोक संतापले. नंतर तातडीच्या काळात नव्या चाचण्यांना झटपट मंजुरी देण्याची तरतूद झाली, आणि रुग्णाच्या हालचाली शोधण्यासाठी कार्डव्यवहार व मोबाइलच्या नोंदी तपासण्याचे अधिकारही कायद्यात आले. जानेवारी २०२०च्या अखेरीस आरोग्य अधिकाऱ्यांनी चाचणी बनवणाऱ्या कंपन्यांना एकत्र बोलावलं, तेव्हा देशात बाधित हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ४ फेब्रुवारीला पहिल्या चाचणीला मंजुरी मिळाली. त्यामुळे त्याच महिन्यात देगू शहरातल्या एका धार्मिक पंथातून साथ भडकली, तेव्हा तपासणीची यंत्रणा हाताशी होती. गाडीत बसल्या बसल्या नमुना घेण्याची केंद्रं जगाने तिथूनच उचलली.

तैवानने २००३च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर मध्यवर्ती आदेशकेंद्र उभारलं होतं. ३१ डिसेंबर २०१९ रोजीच वुहानहून आलेल्या विमानांत चढून प्रवाशांची तपासणी सुरू झाली. मास्कचं वाटप तर मुळातून पाहण्यासारखं आहे. ६ फेब्रुवारी २०२०पासून प्रत्येकाने आपलं आरोग्यविमा कार्ड घेऊन औषधाच्या दुकानात जायचं. ओळख क्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार, सम असेल तर मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवारी कोणीही. आठवड्याला दोन मास्क, भाव सरकारने बांधलेला. कोणत्या दुकानात किती मास्क शिल्लक आहेत ते लोकांना फोनवर दिसायचं. यात काहीच भव्य नव्हतं. जवळपास संपूर्ण लोकसंख्येकडे आरोग्यविम्याचं कार्ड आधीच होतं, म्हणून ते जमलं. साथ आल्यावर कार्डं वाटायला बसले असते तर काय झालं असतं याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. तैवानमध्ये विलगीकरण मोडलं तर जबर दंड होता, पण विलगीकरणात राहणाऱ्याला दिवसाला १,००० तैवानी डॉलर भरपाईही मिळत होती. कोरियात घरी अन्नधान्याची पेटी पोचत होती. ब्रिटनमध्ये मात्र २०२०मध्ये आजारपणाचा कायदेशीर भत्ता आठवड्याला ९५ पौंड ८५ पेन्स होता, आणि अनेक कमी उत्पन्नवाले त्यालाही पात्र नव्हते. त्यांच्यासाठी ५०० पौंडांची मदत आली ती सप्टेंबरअखेर. तपासणी आणि संपर्कशोधासाठी तिथे दोन वर्षांत मिळून ३७ अब्ज पौंडांची तरतूद झाली होती! पण बाधित माणूस सापडला आणि तो मजुरी बुडेल म्हणून घरी बसलाच नाही, तर त्याला शोधून उपयोग काय?

लॉकडाऊन जितका कडक तितके मृत्यू कमी, बरोबर ना?

नाही. याचं सर्वांत बोचरं उदाहरण पेरूचं.

पेरूने १६ मार्च २०२० रोजीच देश बंद केला, तोही अनेक युरोपीय देशांच्या आधी. रस्त्यावर लष्कर, रात्री संचारबंदी. तरीही लोकसंख्येच्या प्रमाणात तिथले मृत्यू जगात सर्वाधिक असलेल्यांत गणले गेले. सुमारे निम्म्या घरांत फ्रिज नव्हता, म्हणजे दोन-तीन दिवसांआड बाजारात जाणं भाग. बहुसंख्य कामगार असंघटित, रोजच्या कमाईवर जगणारे. सरकारने रोख मदत जाहीर केली खरी, पण अनेकांकडे बँक खातं नव्हतं, म्हणून ती घ्यायला बँकांपुढे रांगा लागल्या. एप्रिलमध्ये पुरुषांनी एक दिवस आणि स्त्रियांनी दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचं असा नियम आला. घरची खरेदी बहुतेक बायकाच करत असल्याने त्यांच्या दिवशी बाजार तुडुंब भरू लागले, आणि आठवडाभरात नियम गुंडाळावा लागला. नियम करणाऱ्यांपैकी कोणी पिशवी घेऊन बाजारात गेलं असतं तर हे आधीच कळलं असतं.

भारताचा लॉकडाऊनही कागदावर जगातल्या सर्वांत कडक लॉकडाऊनपैकी एक होता. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठला घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून अंमल. चार तासांत शहरांतल्या स्थलांतरित मजुरांचं काम, राहणं आणि परतीची वाट तिन्ही गेलं. त्या वेळी हाताशी असलेल्या कायद्यांपैकी एक १८९७चा होता, प्लेगच्या वेळचा. त्यात सरकारला अधिकार भरपूर आहेत. लोकांच्या रोजीरोटीची जबाबदारी मात्र कुठेच नाही.

याउलट न्यूझीलंडमध्ये २५ मार्चच्या रात्री टाळेबंदी लागली तेव्हा देशात सुमारे २०० रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. ब्रिटनने २३ मार्चला, म्हणजे दोनच दिवस आधी, तोच निर्णय घेतला, पण तोवर तीनशेवर माणसं गेली होती. पंचांगात तारखा जवळपास सारख्या, साथीच्या घड्याळात कित्येक आठवड्यांचं अंतर.

न्यूझीलंड बेट आहे म्हणून त्यांना जमलं. इतरांना कसं जमणार?

बेट असण्याचा फायदा झालाच. पण ब्रिटनही बेटच आहे. आणि व्हिएतनामची चीनशी सुमारे १,३०० किलोमीटरची जमिनीवरची सीमा आहे, तरी २०२०मध्ये त्याने साथ आवरली.

बंद सीमेची किंमतही असते, ती विसरली जाते. न्यूझीलंडच्या स्वतःच्या नागरिकांना परत येण्यासाठी विलगीकरणातल्या खोलीची ऑनलाइन सोडत लागण्याची वाट पाहावी लागली. तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये निकाल दिला की या पद्धतीने काही नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर अवाजवी गदा आली.

स्वीडनने काहीच केलं नाही आणि तरी निभावलं, मग बाकीच्यांनी एवढा गोंधळ का घातला?

‘काहीच केलं नाही’ हेच चुकीचं. २९ मार्च २०२०पासून पन्नासपेक्षा जास्त लोकांच्या जमावावर बंदी होती. उच्च माध्यमिक शाळा आणि विद्यापीठं दूरस्थ चालली. वृद्धाश्रमांतल्या भेटी बंद झाल्या. आजारपणाच्या रजेत पहिल्या दिवसाचा पगार कापला जायचा, तो मार्चमध्येच थांबवला. म्हणजे खोकला आला तर घरी थांबणं परवडेल याची सोय केली. प्राथमिक शाळा सुरू राहिल्या, हॉटेलं चालू राहिली, आणि बरंचसं लोकांच्या समजुतीवर सोडलं. यामागे आंदर्स तेग्नेल या एका साथरोगतज्ज्ञाचं मत होतं असं सांगितलं जातं, पण स्वीडनमध्ये सार्वजनिक आरोग्य संस्था मंत्र्यांच्या हुकमाखाली नसतात आणि शांततेच्या काळात आणीबाणी लावण्याची तरतूद राज्यघटनेत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

सरकारनेच नेमलेल्या कोरोना आयोगाने दोन्ही बाजूंच्या चाहत्यांची पंचाईत केली. डिसेंबर २०२०च्या अहवालात त्याने म्हटलं की वृद्धांना वाचवण्यात देश अपयशी ठरला. तासावर काम करणारे कर्मचारी आणि विस्कळीत वृद्धसेवा ही जुनी दुखणी त्याला कारणीभूत होती. फेब्रुवारी २०२२च्या अंतिम अहवालात सक्तीऐवजी सल्ल्यावर भर देण्याची मूळ दिशा योग्य ठरवली, पण फेब्रुवारी-मार्च २०२०मध्ये अधिक लवकर आणि अधिक कडक पावलं उचलायला हवी होती असंही सुनावलं. सरकारवर विश्वास, एकट्यादुकट्याने राहणाऱ्यांची मोठी संख्या आणि पगारी आजारपण हे सगळं ज्या देशाकडे नाही, त्याने स्वीडनची नक्कल करायची म्हणजे नेमकी कशाची?

सरकारी आरोग्यसेवा असलेले देश वाचले आणि खासगीवाले बुडाले, असं म्हणता येईल का?

इतकं सोपं नाही. इटली आणि ब्रिटन दोन्हीकडे सार्वत्रिक सेवा आहे, दोन्हीकडे पहिल्या लाटेत हाल झाले. साथीआधी अतिदक्षता खाटा जर्मनीत लाखामागे सुमारे ३४ होत्या, इटलीत ९च्याही आत. पण खाटा म्हणजे शेवटची फळी. उपचार फुकट असल्याने रुग्ण लपून राहत नाही, हा सार्वत्रिक सेवेचा खरा फायदा. संसर्ग तिने आपोआप थांबत नाही.

मला यात ब्रिटनच्या व्यवस्थेचं एक देणं फार मोठं वाटतं. एकाच सेवेखाली सगळी रुग्णालयं असल्याने ‘रिकव्हरी’ ही औषधचाचणी काही आठवड्यांत देशभर उभी राहिली, आणि जून २०२०मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे ऑक्सिजनवरच्या व व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं. जगभरच्या रुग्णालयांनी ते लगेच वापरायला घेतलं.

व्यवस्था चांगली असूनही कोण तिच्या बाहेर राहतो, तेही बघावं लागतं. सिंगापूरचं एप्रिल २०२०पर्यंत कौतुक चाललं होतं. मग एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत साथ फुटली.

लोकशाहीपेक्षा हुकूमशाही साथीत बरी?

वुहान २३ जानेवारी २०२० रोजी एका आदेशात बंद झालं, हे खरं. पण डिसेंबर २०२२मध्ये चीनने शून्य-कोविड धोरण अचानक सोडलं, तेव्हा अनेक वृद्धांचं लसीकरण अपुरं होतं. चूक दाखवणारा आवाज उरला नाही की ती सुधारायलाही वेळ लागतो. तैवान, न्यूझीलंड आणि दक्षिण कोरिया या तिन्ही लोकशाह्या आहेत. दक्षिण कोरियात तर एप्रिल २०२०मध्ये संसदेची निवडणूकही झाली.

लशीबाबत कोणाचं धोरण चाललं?

लस लवकर मिळवणं आणि ती योग्य माणसाला आधी टोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेने मे २०२०पासून कंपन्यांत आगाऊ पैसा ओतला, ब्रिटनने ८ डिसेंबर २०२० रोजी लसीकरण सुरू केलं. पहिल्या कामात दोघे पुढे.

दुसऱ्या कामासाठी हाँगकाँग आणि न्यूझीलंड शेजारी ठेवून बघा. दोघांनीही जवळपास दोन वर्षं विषाणू बराचसा बाहेर रोखला, दोघांवर ओमायक्रॉन २०२२च्या सुरुवातीला आला. न्यूझीलंडमध्ये पासष्टीपुढच्या जवळपास सगळ्यांचे दोन डोस झाले होते. हाँगकाँगमध्ये ऐंशी ओलांडलेल्या बहुतेकांनी लस घेतलीच नव्हती. लशी पडून होत्या, पण वृद्धांना दुष्परिणामांची भीती होती आणि साथ नसल्याने घाईही वाटत नव्हती. लाटेआधी हाँगकाँगचे एकूण मृत्यू अडीचशेच्या आत होते. मेअखेर ते नऊ हजारांवर गेले. रुग्ण शून्यावर ठेवण्याचं धोरण म्हणजे उसना घेतलेला वेळ. तो कशात खर्च केला, ते शेवटी दिसतं.

गरीब देशांचा तर प्रश्नच वेगळा होता. गरीब देशांपर्यंत लशी पोचवण्यासाठीच्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेने २०२१अखेर दोन अब्ज डोसांचं लक्ष्य ठेवलं होतं. एक अब्जावा डोस पोचला जानेवारी २०२२मध्ये. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२०मध्ये पेटंट-सवलतीचा प्रस्ताव मांडला, त्यावर जागतिक व्यापार संघटनेत तडजोड व्हायला जून २०२२ उजाडला. तीही फक्त लशींपुरती, मूळ प्रस्तावापेक्षा बरीच तोकडी.

शाळा बंद ठेवणं चुकलं का?

सुरुवातीचे काही आठवडे नाही, कारण तेव्हा फारसं माहीतच नव्हतं. पण डेन्मार्कने १५ एप्रिल २०२०लाच लहान मुलांच्या शाळा उघडल्या आणि युगांडात त्या जवळपास दोन वर्षांनी, जानेवारी २०२२मध्ये पूर्णपणे उघडल्या. ही तफावत विषाणूमुळे झाली नाही.

संपर्कशोधासाठी खासगी माहिती सरकारला द्यावी का?

कोरियात मे २०२०मध्ये सोल शहराच्या इतेवोन भागातल्या क्लबांतून साथ पसरली, तेव्हा समलिंगी असल्याचं उघड होईल या भीतीने अनेक जण तपासणीला येईनात. सोलने निनावी तपासणी सुरू केल्यावर लोक पुढे आले. सिंगापूरमध्ये संपर्कशोध ॲपची माहिती गुन्हेतपासालाही वापरता येते, असं सरकारने जानेवारी २०२१मध्ये मान्य केलं. आधी नेमकं उलट आश्वासन दिलं होतं. गदारोळ झाल्यावर वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करणारा कायदा करावा लागला. खासगीपणा जपणं हा रोगनियंत्रणाच्या आड येणारा अडथळा आहे असं मानणाऱ्यांनी इतेवोनचं प्रकरण जरूर वाचावं.

पुढच्या साथीसाठी देशांनी मिळून काही ठरवलंय का?

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्यदेशांच्या सभेने, महामारी करार स्वीकारला. समितीतल्या मतदानात १२४ देश बाजूने, विरोधात कोणी नाही, ११ तटस्थ. अमेरिका संघटनेतून बाहेर पडण्याच्या वाटेवर असल्याने त्यात नव्हती.

लॉकडाऊन लावा किंवा लस सक्तीची करा असा आदेश संघटना कोणत्याही देशाला देऊ शकत नाही, हे करारातच लिहिलंय. समाजमाध्यमांवर फिरणारा मजकूर याच्या उलट सांगतो. खरी ओढाताण दुसऱ्याच कलमावर आहे. नव्या विषाणूचा नमुना आणि जनुकीय माहिती जो देश जगाला देईल, त्याला त्यातून तयार झालेल्या लशी-औषधांत वाटा कसा मिळणार? नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची माहिती तत्परतेने दिली आणि बदल्यात काही दिवसांत त्याच्यावरच प्रवासबंदी आली. तो अनुभव या वाटाघाटींत अनेकांच्या मनात आहे. वाट्याचे नियम सांगणारं परिशिष्ट संमत झाल्याखेरीज करार सह्यांसाठी खुला होत नाही, आणि त्यानंतरही तो लागू व्हायला ६० देशांनी त्याला रीतसर मान्यता द्यावी लागते.